खिशातले यंत्र आणि पारावरची शाळा

मंडळी, निलंग्याहून औराद शहाजानीकडे जाणाऱ्या एस.टी.त बसले, की खिडकीबाहेर बघणारा प्रवासी आता क्वचितच दिसतो. सोयाबीन कसे आले, तुरीला फुलोरा धरला का, तेरणेला पाणी किती, या गोष्टींवर एकेकाळी गाडीभर गप्पा रंगत. आता चाळीस माणसांच्या चाळीस माना खाली आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. परवा माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हे सगळे बघितले आणि मला विचारले, "मास्तर, तुम्ही शिकले-सवरलेले माणूस. येक सांगा. ह्यो मोबाइल लेकरांला शिकवतो का बिघडवतो?"

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. प्रश्नाला लगेच उत्तर देण्याची मास्तरकीची खोड मलाही आहे. पण त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला नाही. तेवढ्यात आजोबांचे गाव आले, ते पिशवी सावरीत उतरले आणि उत्तर राहून गेले. ते उत्तर आज आपल्यापुढे मांडावे असे मनात आहे.

आधी हे यंत्र थोडे ओळखून घेऊ. मी विज्ञानाचा माणूस नव्हे. पण आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी मला जे समजावून दिले, ते मी आपल्याला माझ्या भाषेत सांगतो. रेडिओ आणि मोबाइल ही एकाच कुळातली भावंडे आहेत. दोघांचेही काम रेडिओलहरींवर चालते, आणि या लहरी प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, धावतात. आपण मोबाइलमध्ये बोललो, की आतला इवलासा ध्वनिग्राहक आपल्या आवाजाची विजेची स्पंदने करतो. मग ते यंत्र या स्पंदनांना शून्य आणि एक अशा दोनच आकड्यांच्या लांबच लांब माळेत ओवते. ती माळ लहरींवर बसून जवळच्या टॉवरकडे जाते. तिथून पुढचा प्रवास बहुतेक वेळा केसासारख्या बारीक काचतंतूंतून, जमिनीखालून होतो. आणि पलीकडच्या टॉवरवरून पुन्हा लहरींच्या रूपाने आपल्या पाहुण्याच्या फोनमध्ये पोहोचतो. आवाज असो, चित्र असो की धडा असो, प्रवास असाच.

प्रत्येक टॉवरचे एक क्षेत्र ठरलेले असते. मधमाश्यांच्या पोळ्यात घराला घर लागून असते, तशी ही क्षेत्रे एकमेकांना लागून असतात. अशा एका घराला इंग्रजीत 'सेल' म्हणतात, म्हणून 'सेलफोन' हे नाव. गाडी पुढे जाते तसा आपला फोन एका घरातून दुसऱ्या घरात जातो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आमच्या सीमेवरच्या शिवारात तर बांधावर उभे राहिल्यावर फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो, कधी कर्नाटकाचा! आता एक व्यवहाराची गोष्ट. टॉवर लांब असला, की फोनला अधिक जोर लावून बोलावे लागते. म्हणून रेंज नसलेल्या रानात चार्जिंग लवकर उतरते. फोन खराब झाला म्हणून दुकानात धावण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

आता या दोन भावंडांतला मोठा फरक बघा. रेडिओ बोलतो, आपण ऐकतो. त्याला उलट प्रश्न विचारायची सोय नाही. मोबाइल मात्र बोलतोही आणि ऐकतोही. म्हणजे शिक्षणाच्या कामी मोबाइल कितीतरी पुढचा असायला हवा, नाही का? पण तसे खरोखर होते का, हे तपासायचे तर सत्तर वर्षांपूर्वीची एक हकिकत ऐकावी लागेल. ती आपल्या मराठी मुलखातलीच आहे.

१९५६ साली युनेस्को या जागतिक संस्थेच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पुणे, नाशिक, कोल्हापूर, उत्तर सातारा आणि तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, अशा पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात साधारण वीस माणसांचे एक श्रोतामंडळ केले. आठवड्यातून दोनदा, असे दहा आठवडे, संध्याकाळी ही माणसे एकत्र बसून रेडिओवर शेतीचा, आरोग्याचा, गावकारभाराचा कार्यक्रम ऐकत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद होई आणि खरे काम सुरू होई. जे ऐकले ते आपल्या गावाला लागू पडते का, पडत असेल तर काय करायचे, यावर खल होई. मंडळाचा चिटणीस त्याचे टिपण करी, न सुटलेले प्रश्न केंद्राकडे पाठवी, आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे दिली जात. ही कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून घेतलेली होती. त्यांचे घोषवाक्यच होते: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा.

पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पारख केली. त्यांनी तीन तऱ्हेची गावे तपासली: जिथे रेडिओही होता आणि मंडळही होते अशी, जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशी, आणि जिथे रेडिओच नव्हता अशी. मंडळ असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान चांगले ठळकपणे वाढलेले दिसले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारसा फरक पडलेला नव्हता. पुढे १९५९ साली ही मंडळे देशभर सुरू करण्यात आली.

हा प्रयोग झाला तेव्हा आमचा निलंगा तालुका हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होता, त्यामुळे तो आमच्याकडे आला नाही. पण त्याचा धडा आमच्यापर्यंत यायला काही हरकत नाही. एकतर्फी यंत्र असूनही त्या माणसांनी टिपणवही, टपाल आणि एकत्र बसणे यांच्या बळावर ते दुतर्फी करून घेतले. आज दुतर्फी यंत्र आपल्या खिशात आहे, आणि आपण ते एकतर्फी वापरतो आहोत. बघतो, पुढे सरकवतो, पुन्हा बघतो. विचारीत कोणी नाही.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी मी माझी स्वतःची चूक सांगतो. मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशभर टाळेबंदी झाली आणि वर्ग बंद पडले. मीही इतरांसारखा मोबाइलसमोर बसून चाळीस-चाळीस मिनिटांची व्याख्याने मुद्रित करू लागलो आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवू लागलो. संदेशापुढे दोन खुणा उमटल्या, की मला वाटे, पोहोचले! आपले काम झाले. खरे सांगायचे तर मी स्वतःवर खूश होतो.

पुढच्या वर्षी महाविद्यालय थोडे उघडले, तेव्हा खेड्यातल्या एका विद्यार्थिनीने तिची वही मला दाखवायला आणली. माझी सगळी व्याख्याने तिने शब्दशः उतरवून काढली होती. मी चकित झालो. म्हटले, "अगं, एवढं सगळं लिहायची काय गरज होती? व्हिडिओ तर होताच." ती म्हणाली, "सर, फोन आप्पाकडं असतो. ते रानातनं आल्यावर रात्री मिळायचा. आधी भाऊ बघायचा, मग मी. पुन्हा बघायला मिळंल का न्हाई म्हणून लिहून ठेवायची." मी वही चाळू लागलो. प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेले होते. नीट पाहिले तर ते प्रश्न होते. 'हे कळले नाही.' 'सर असे का म्हणतात?' 'आमच्या गावात तर असे म्हणत नाहीत.' मी मोजले. एकूण सतरा प्रश्न होते आणि एकही मला कोणी विचारलेला नव्हता. त्यांतले दोन प्रश्न असे होते, की त्यांनी माझ्याच प्रतिपादनातली चूक दाखवून दिली होती.

श्रोतेहो, ती वही पाहिल्यापासून मी 'पोहोचले' हा शब्द जपून वापरतो. माझा आवाज तिच्यापर्यंत पोहोचला होता. तिचा माझ्यापर्यंत पोहोचला नव्हता. टॉवर होता, फोन होता, रिचार्जही होते. नव्हते ते श्रोतामंडळ. आणि वर्गातल्या ज्या मुलांनी वहीच केली नाही, त्यांचे प्रश्न तर कायमचेच हरवले.

त्याच काळात काही शिक्षकांनी मात्र हे आधीच ओळखले होते. सोलापूरच्या नीलमनगर वस्तीत बहुसंख्य घरे कामगारांची. तिथल्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. मुले येता-जाता वाचीत, एकमेकांना विचारीत. भिंतीला रिचार्ज लागत नाही, आणि भिंतीपुढे मूल एकटे उभे राहत नाही. दुसरे येऊन मिळतेच. साधन साधे होते, पण त्याच्याभोवती माणसे जमत होती, हे महत्त्वाचे.

सोलापूर जिल्ह्यातलीच दुसरी हकिकत आपल्यापैकी अनेक गुरुजींना ठाऊक असेल. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक होते. पाठ्यपुस्तकातल्या धड्यांना त्यांनी क्यूआर कोड जोडले आणि २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले, ही गोष्टही आपण वाचली असेल.

हा क्यूआर कोड म्हणजे काय, तेही पाहू. पुस्तकाच्या पानावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, तोच हा. १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा या अभियंत्याने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून तो तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन दिसतात. कोड कोणत्या बाजूने धरला आहे, हे त्यांच्यावरून कॅमेऱ्याला कळते. मधले ठिपके म्हणजे पुन्हा तीच शून्याची आणि एकाची माळ. मात्र एक समज काढून टाका. त्या चौकोनात धडा भरलेला नसतो. सहसा धड्याचा पत्ता तेवढा असतो. पत्ता हाती आहे पण वाट नाही, असे झाले तर माणूस पोहोचेल का? म्हणून इंटरनेट नसेल तिथे त्या चौकोनाचा उपयोग नाही. शिक्षकांनी धडा आदल्या दिवशी रेंजमध्ये उतरवून ठेवावा आणि मगच वर्गात न्यावा.

पण डिसले गुरुजींच्या कामातली जी गोष्ट मला मोलाची वाटते, ती या चौकोनाच्या आधीची आहे. तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक दुसऱ्या भाषेत. गुरुजींनी ती भाषा शिकून घेतली, धडे मुलांच्या भाषेत नेले आणि मग त्यांना कोड जोडला. आधी मुलाचे बोलणे ऐकले, मग यंत्र हाती घेतले. आपण तर कन्नड मुलखाच्या सीमेवर राहणारी माणसे. आपल्या वर्गात घरी कन्नड, उर्दू किंवा लमाणी बोलणारी मुले असतातच. त्यांचे बोलणे ज्याच्या कानाला ओळखीचे आहे, त्याच गुरुजींच्या हातात मोबाइल कामाला येईल.

आता घराकडे वळू. अनेक घरांत फोन एकच असतो, आणि त्याची पाळी ठरताना मुलगी शेवटी येते. तिची पाळी येते तेव्हा डेटा संपलेला असतो, चार्जिंग उतरलेले असते, नाहीतर भांडी राहिलेली असतात. आईबापहो, रागावू नका. पण मुलगी मागे का पडली असे कोणी विचारले, तर हे उत्तरही त्यात आहे. फोनची पाळी ठरवताना अभ्यासाची पाळी पहिली ठेवा, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद करू नका.

दुसरी तक्रार उलट टोकाची. फोन हातातून सुटतच नाही. यावर नुसते ओरडून उपयोग होत नाही, कारण ओरडणाऱ्या बापाच्या हातातही फोनच असतो! सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ साली त्या गावाने मिळून ठरवले, की संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला, की दीड तास घराघरांतले मोबाइल आणि टीव्ही बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. यातले मर्म असे, की नियम एकट्या मुलावर लादला नाही, साऱ्या गावाने तो स्वतःवर घेतला. जे एका घराला जमत नाही ते गावाला जमते.

मग मोबाइल बंदच ठेवावा का? मुळीच नाही. एक उदाहरण देतो. आपल्या मराठवाड्यात वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात विजा पडून माणसे आणि जनावरे दगावतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचे एक ॲप केले आहे. आपल्या आसपास विजा कडाडण्याचा संभव असला, की ते इशारा देते. फुकट आहे, प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनमध्ये असावे असे आहे. पण समजा, रानात इशारा आला आणि आपण पावसापासून वाचायला लिंबाच्या नाहीतर आंब्याच्या झाडाखाली जाऊन उभे राहिलो, तर? उंच झाड विजेला जवळ करते. झाडाखाली जाऊ नये, पक्क्या घरात जावे; ते नसेल तर उघड्या माळावर आडवे पडू नये, दोन्ही पाय जुळवून, मान खाली घालून उकिडवे बसावे, आणि तारेच्या कुंपणापासून व पाण्यापासून दूर राहावे. फोनने इशारा दिला. झाडापासून दूर नेण्याचे काम आपल्या डोक्यातल्या ज्ञानाचे. ते ज्ञान इशारा आल्यावर शोधत बसायला वेळ नसतो. ते आधीच, चार माणसांत बोलून, पक्के झालेले असावे लागते.

तेव्हा गुरुजनांना आणि गावकऱ्यांना माझी विनंती आहे, की पुण्याच्या त्या जुन्या मंडळांची रीत या नव्या यंत्राला लावून पाहा. आठवड्यातून एक संध्याकाळ पुरे. समाजमंदिरात, पारावर किंवा शाळेच्या ओट्यावर दहा-पंधरा जण बसा. फोन एकच उघडा ठेवा, बाकीचे खिशात. पंधरा मिनिटांपेक्षा मोठे काही लावू नका. मग फोन पालथा घाला आणि विचारा: यात काय सांगितले? ते कोणी सांगितले, आणि त्याला ते कशावरून कळले? आपल्या शिवारात ते लागू पडते का? हा दुसरा प्रश्न विसरू नका. कारण मोबाइलवर तज्ज्ञ आणि थापाड्या एकाच आवाजात बोलतात, आणि एखादा मजकूर शंभर जणांनी पुढे पाठवला म्हणून तो खरा ठरत नाही. शेवटी एकाने वहीत टिपण करावे आणि न सुटलेले प्रश्न लिहून काढावेत. ते कृषी सहायकांना, आरोग्य सेविकेला, शाळेतल्या बाईंना, नाहीतर आमच्यासारख्या मास्तरांना पाठवावेत. पाठवायला आता टपालाची वाट पाहावी लागत नाही. हीच तर या यंत्राची खरी सोय.

आणि माझ्यासारख्या शिकवणाऱ्यांना एकच सांगणे. धडा पाठवला, की त्याच्याखाली एक ओळ लिहा: 'न कळलेला एक प्रश्न मला उद्यापर्यंत पाठवा.' जो पाठवणार नाही त्याला फोन करा. फोनचा शोध बोलण्यासाठीच लागला होता, हे आपण अगदीच विसरून चाललो आहोत.

त्या वहीतल्या सतरा प्रश्नांची उत्तरे मी पुढे तिच्या गावी जाऊन दिली. चावडीजवळच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो, तर आणखी सहा-सात मुले येऊन बसली. मागून एक आजीबाई आल्या आणि म्हणाल्या, "काय बघलालाव रे लेकरांनो?" एक पोरगा म्हणाला, "बघंनात आजी, बोलवलालोत." त्या दिवशी फोन एकदाच उघडला, एका शब्दाचा अर्थ पाहायला.

एस.टी.तल्या त्या आजोबांची पुन्हा गाठ पडली, तर त्यांना मी सांगेन: आजोबा, मोबाइल शिकवीतही नाही आणि बिघडवीतही नाही. तो नुसता आणून टाकतो. त्यातले धान्य कोणते आणि काडीकचरा कोणता, हे पाखडायला सूप लागते, आणि सूप धरायला माणूस लागतो. तुम्ही आयुष्यभर रास केलेली आहे. संध्याकाळी नातवाजवळ घटकाभर बसा आणि तो काय बघतो आहे ते त्याला विचारा. तुम्हाला ते यंत्र चालवता येत नाही म्हणून संकोच करू नका. प्रश्न विचारायला यंत्र यावे लागत नाही.